पायाची कड

११ जानेवारी

ताई,

नमस्कार. कानाचं नवं यंत्र कसं आहे? परवा फोनवर मी तीनदा "मुलगी मोठी झाली" म्हणालो आणि तू तीनदा "कुठे मोडली?" विचारलंस. मग भावोजींनी फोन घेतला आणि आमचं हवापाण्यावर बोलणं झालं. म्हणून हे पत्र. टपालाला दोन आठवडे लागतात, पण निदान मोठी झालेली मुलगी वाटेत मोडत नाही.

काम आहे. मे महिन्यात मुंगीला घेऊन तुझ्या देशात यायचं म्हणतो. जूनमध्ये ती चित्रकलेच्या शाळेत जाते. वसतिगृहात राहील, पाच वर्षं. परत येईल तेव्हा वीस वर्षांची असेल आणि मुंगी म्हटलेलं तिला खपणार नाही.

ही येत नाही. इस्पितळात रजा मिळते, पण ती घेणार नाही. म्हणाली, "दोघंच जा. गेले चार महिने या घरात मी बायको नाही, आई नाही, टपालपेटी आहे. बाबांना सांग, मुंगीला सांग. थोडे दिवस पेटीला कुलूप."

बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये चढायचं, असली सहल मला नको. मुंगी डोंगर चढणाऱ्या मुलांच्या गटात जाते. तिला एका जागी बसवत नाही. दिवसभर चालावं, संध्याकाळी एखाद्या गावात मुक्काम करावा, तिथली माणसं हातांनी काय घडवतात ते बघावं, त्यांनी करू दिलं तर आपणही करून बघावं, असं काही मिळेल का? चालणं जितकं जास्त तितकं बरं. चालताना माणसं एकमेकांच्या शेजारी असतात. समोरासमोर बसलं की आम्हा दोघांना बोलायला सुचत नाही.

तिला विचारलं. म्हणाली, "चालेल." हल्ली माझ्याशी ती हा एकच शब्द बोलते. भात वाढू? चालेल. खिडकी लावू? चालेल. उद्या आभाळ कोसळणार आहे म्हटलं, तरी चालेल. हा शब्द गोडही लागत नाही आणि कडूही लागत नाही.

माझी तब्येत ठणठणीत आहे. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर बांधणीला आलेली पुस्तकं, माझा गोंद आणि मी, तिघंही बरे. सकाळी सुरी हातात घेण्याआधी मी हात जोडतो ते तुला माहीतच आहे. आजवर काही मागत नव्हतो. जे होतं त्याचे आभार मानायचो आणि कामाला लागायचो. हल्ली मागतो. जाण्याआधी पोरीने माझ्याशी दुसरा एक शब्द बोलावा. एकच.

तुझा,
गोगलगाय

·

२७ जानेवारी

गोगलगायी,

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. "जितकं जास्त तितकं बरं" इथे आले आणि ते चष्मा काढून हसायला लागले. म्हणाले, "तुझा भाऊ? शाळेच्या चार किलोमीटरला दोन तास लावणारा?" मी म्हटलं, त्याचा काही दोष नव्हता, वाटेतल्या प्रत्येक झाडाला त्याला नमस्कार करावा लागायचा.

तरी चौकशी केली. मी ज्या नाट्यगृहात कपडे शिवते तिथला जुना दिवेवाला आता निवृत्त झालाय आणि लोकांना पायी सहलींना नेतो. रंगमंचावरचे दिवे चाळीस वर्षं सांभाळले, आता उन्हात फिरायचं म्हणतो. त्याची आठ दिवसांची एक वाट आहे, डोंगरांच्या कुशीतून, गाव ते गाव. दहा-बारा माणसांचा गट. रोज चौदा-पंधरा किलोमीटर. एका गावात घंटा ओततात. एका गावात चुना-माती न लावता दगडावर दगड ठेवून बांध घालतात, तिथे एक अख्खा दिवस आपण दगड रचायचे. नदीकाठी हाताने कागद करणारी गिरणी आहे. ते मी त्याला तुझ्यासाठी मुद्दाम विचारलं. शेवटच्या मुक्कामी गावातले लोक चौकात नाचतात आणि पाहुण्यांनाही ओढतात. तू नाचायला लागलास की मला कळव, मी सुट्टी काढून बघायला येईन.

आता एक गोष्ट. ती "चालेल" म्हणाली म्हणजे नक्की काय म्हणाली? होकार दिला, की पायांचं सांगितलं? आपल्या भाषेत हा एक शब्द दोन माणसांचं काम करतो, आणि पंधरा वर्षांच्या मुली त्याला तिसरंही जुंपतात. नीट विचार.

आणि तू "ठणठणीत" लिहिलंस. आपल्या घरात हा शब्द बाबा वापरायचे, इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी. पायांचं काय ते खरं सांग.

ताई

·

९ फेब्रुवारी

आत्या,

मी तुला लिहितेय हे बाबांना माहीत नाही. पाकीट मात्र त्यांच्याच पुस्तकं बांधायच्या गोंदाने चिकटवलंय, म्हणून ते फाडूनच उघडावं लागलं असेल. सॉरी.

सहलीत चालणं थोडं कमी करता येईल का? माझ्यासाठी नाही, मी तर धावत जाईन. बाबांचा डावा गुडघा दुखतो. ते सांगत नाहीत. जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय ठेवतात, मग थांबतात, आणि मी मागे असले तर भिंतीचा रंग बघत असल्यासारखं करतात. आमच्या जिन्याच्या भिंतीत बघण्यासारखं काहीही नाही, आत्या. आईला सांगितलं तर ती म्हणते, "मी नर्स आहे, निरोप्या नाही. त्यांनाच विचार."

पण मला विचारता येत नाही. का ते सांगते, तू कुणाला सांगू नकोस. माझी चित्रांची एक जाड वही होती. तिच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात मी वर्षभर एक माणूस काढत होते. पानं अंगठ्याखालून भर्रकन सोडली की तो चालायचा. ते बाबा होते. संध्याकाळी बसथांब्यावरून घरी येतात तसे, हातात डबा. मी खिडकीतून रोज बघून काढायचे. त्यांच्या वाढदिवसाला दाखवणार होते. पण त्याच्या आधी माझाच वाढदिवस आला. मी दोन दिवस डोंगरावर गेले होते तेवढ्यात बाबांनी ती वही नेऊन नवी बांधून आणली. निळं कापड, वर सोनेरी रंगात उमटवलेली एवढीशी मुंगी. फार सुंदर. आणि कडा कापून एकदम सरळ केलेल्या.

मी पानं सोडून बघितली. खालची कड कापली तेव्हा बाबांचे पाय गेले होते. घोट्याच्या वर नुसते बाबा, हवेत.

ते विचारत होते, "चालेल ना?" इतके खूश होते, बोटांना अजून गोंद लागलेला होता. मी म्हटलं, "चालेल." तो माणूस आता चालणार नव्हता, पण दुसरं काय म्हणू? मग त्या शब्दापुढे काही बोलताच येईना. महिनाभर राग होता. आता नाहीये. आता फक्त सुरुवात कशी करायची ते कळत नाही. तू करून देऊ नकोस हं. मला करायचीय.

तुझी मुंगी

·

१२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. घंटा आणि दगड आणि कागद, हे सगळं एका वाटेवर! तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि दिवसभर माझ्या हातून एकही टाका वाकडा पडला नाही.

मुंगीला नीट विचारलं. नकाशा पुढे ठेवला, रोजचं अंतर सांगितलं. तिने नकाशा बराच वेळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "चालेल." म्हणजे होकारच. उलट मला वाटतं तिला ते कमीच वाटलं असावं. वाटाड्यांना विचारून एखादा डोंगर वाढवता आला तर बघ.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. ती लपवून तुझ्याकडे मदत मागणं बरोबर नाही.

सप्टेंबरात मी तिची चित्रांची वही न विचारता बांधायला घेतली. वाढदिवसाची भेट म्हणून. आतली चित्रं बघितली नाहीत, शपथेवर सांगतो. ती न विचारता बघणं बरं नाही असं वाटलं. उसवून पुन्हा शिवताना घडीत सुई जाते तेवढीच पानं उघडली आणि नजर दोऱ्यावर ठेवली. आतलं बघणं मला गैर वाटलं, पण बाहेरचं कापणं गैर वाटलं नाही. आमचे उस्ताद म्हणायचे, कापणी केली नाही तर पुस्तक म्हणजे अंघोळ न घातलेलं पोर. पुस्तकाच्या वरच्या बाजूला ते डोकं म्हणायचे, खालच्या बाजूला पाय. डोकं, पाय आणि समोर, तिन्ही कडा यंत्राखाली धरायच्या. तीस वर्षांत मी कापणीशिवाय वही हातावेगळी केलेली नाही. हीपण केली नाही.

तिने वही घेतली, पानं अंगठ्याखालून सोडली, पुन्हा एकदा सोडली. मी विचारलं, चालेल ना? तर म्हणाली, "चालेल." तो पहिला. त्यानंतर आजतागायत तोच चालू आहे.

काहीतरी कापलं गेलं एवढं मला कळलं. काय, ते विचारायचा धीर झाला नाही. कापलेल्या पट्ट्या मी कधी टाकत नाही, गोंद किती पातळ झालाय ते बघायला लागतात. तिच्या वहीच्या पट्ट्याही पडल्या तशा दोऱ्याने बांधून खणात ठेवल्यात. त्यांत बघितलं तर कदाचित कळेल. पण जिची वही उघडली नाही तिच्या पट्ट्या तरी कशाला उघडू?

पायांचं विचारलंस. सराव चालू आहे. रोज दोन थांबे आधी उतरतो.

गोगलगाय

·

१ मार्च

गोगलगायी,

तुझं पत्र पोचलं. डोंगर वाढवायचं मी दिवेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, डोंगर त्याच्या हातात नाहीत.

पण एक महत्त्वाची गोष्ट ठरवायची आहे, नीट वाच. या सहलीत सगळ्यांचं सामान एका छोट्या गाडीतून पुढच्या गावी जातं. आणि नियम असा आहे की रोज दुपारच्या जेवणानंतर गटातल्या एका जबाबदार माणसाने सामानासोबत गाडीत बसायचं. इथले लोक सामानाच्या बाबतीत फार काटेकोर असतात. दिवेवाला म्हणाला, पोक्त, विश्वासू, वस्तू जपणारा कोणी आहे का? मी लगेच तुझं नाव दिलं. आता नाही म्हणून मला मान खाली घालायला लावू नकोस. सकाळी चालशील, दुपारी सामान सांभाळशील. देशाची अब्रू तुझ्या हातात आहे.

वहीचं वाचलं. त्यावर मी फार बोलत नाही. शिवणारी बाई म्हणून एवढंच सांगते: चुकून कापलेलं कापड घडी करून आत ठेवलं की त्याला वास येतो. बाहेर काढून पसरावं लागतं.

ताई

·

१ मार्च

मुंगे,

व्यवस्था झाली. तुझे बाबा सामानाचे रखवालदार झालेत. त्यांना तो मान वाटला पाहिजे, तेव्हा तोंड सरळ ठेव. हसू आलं तर भिंतीचा रंग बघ.

बाकी तू म्हणालीस तसं, मी सुरुवात करून देत नाही. पण तुमच्या घरची टपालपेटी कुलूप लावून बसली म्हणून ती माझ्या दारात आणून ठोकू नका, एवढं दोघांना सांगणं आहे. दोघांना, म्हणजे तुला.

आत्या

·

३ एप्रिल

ताई,

दीड महिना लिहिलं नाही. सामानाच्या जबाबदारीबद्दल आभार मानायचे होते, तेही राहिलं. कारण सांगतो.

तुझं कापडाचं वाक्य आठवडाभर डोक्यात होतं. एका दुपारी गोंद ढवळत होतो, तो कितपत झालाय ते बघायला पट्टी हवी होती. खणात हात घातला आणि हाताला तिच्याच पट्ट्यांचा जुडगा लागला. ठेवून देणार होतो, तेवढ्यात दोरा सुटला. पट्ट्या पडल्या तशाच क्रमाने होत्या, खालच्या कडेच्या. धरायला गेलो तर अंगठ्याखालून सरसर निसटल्या.

आणि माझ्या हातात दोन पाय चालायला लागले.

घोट्यापर्यंतच होते, वर काही नाही. मी पट्ट्या जुळवून पुन्हा सोडल्या. उजवा पाय पडायचा, डावा मागून यायचा. डावा उचलून टाकत नव्हता, ओढत होता. डाव्या चपलेचा मागचा पट्टा तुटलेला, तिथे सुतळीची गाठ. ताई, ती गाठ मी गेल्या वर्षी मारली. चांभाराकडे जायचं राहून गेलं.

गुडघा दुखतो हे मी हिला सांगितलं नाही, तुला ठणठणीत लिहिलं, स्वतःलासुद्धा थोडंफार फसवलं. आणि कोणीतरी वर्षभर खिडकीत बसून ते पाऊल न् पाऊल बघत होतं, पेन्सिलीने काढत होतं. मी डॉक्टरकडे जायच्या वर्षभर आधी माझं दुखणं तिने लिहून ठेवलं होतं. आणि मी नेमके ते पाय कापले.

लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण खरं सांगू, त्याआधी हात जोडले गेले. इतकं बारकाईने माझ्याकडे आजवर फक्त देवच बघत असेल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. गुडघ्याची झीज आहे म्हणाले. चाला, पण बेताने, उतार जपून उतरा. मी पंधरा किलोमीटर म्हटलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणून विचारतो. मुंगीला तू आणि भावोजी घेऊन जाल का? नाहीतर ती दिवेवाल्यांच्या गटाबरोबर एकटी जाईल. मी येऊन तिच्या पायात खोडा कशाला व्हायचं? शाळेच्या वाटेवर प्रत्येक वळणावर तू माझ्यासाठी थांबायचीस, पाठ करून, दप्तर खाली ठेवून. सहा वर्षं. किती कंटाळली असशील. आता तेच तिला करायला लावायचं का?

गोगलगाय

·

१९ एप्रिल

गोगलगायी,

तिकीट रद्द करू नकोस. आधी हे वाच.

मी तुझ्यासाठी थांबत नव्हते. मला दम लागायचा.

लहानपणी माझी छाती कशी होती ते तुला आठवत नसेल, तू तेव्हा झाडांना नमस्कार करण्यात गुंग होतास. वळण येईपर्यंत माझे श्वास मोजता यावेत इतके जोरात वाजायचे. आईला कळलं असतं तर तिने मला घरी बसवलं असतं. म्हणून मी भराभर पुढे जायचे, वळणावर पाठ करून उभी राहायचे आणि धापा टाकायचे. तू डुलत डुलत पोचेपर्यंत श्वास जागेवर यायचा. गावात सगळे म्हणायचे, "पोरगी काय गुणाची आहे, भावासाठी थांबते हो!" गुणाची कसली, पिचकी होते. मी ते कौतुक खिशात घातलं आणि पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नाही.

तू भरभर चालणारा असतास तर माझी शाळा दुसरीतच सुटली असती. तुझ्या हळूपणावर मी शिकले. हे तुला आधीच सांगायला हवं होतं, पण तू माझे इतके उपकार मानायचास की मला ते मोडवेना.

तेव्हा पुढे जाऊन थांबणारं माणूस कशासाठी थांबलंय ते मागच्याने ठरवू नये.

ये. सामान वाट बघतंय.

ताई

·

२८ जून

ताई,

नमस्कार. स्टेशनवर निरोप देताना तू विचारलंस, "कशी झाली?" आणि तेवढ्यात यंत्राची बॅटरी संपली. मी पाच मिनिटं बोललो आणि तू म्हणालीस, "हो, थंडी होतीच." आता निवांत लिहितो. घरात शांतता आहे. मुंगी काल शाळेत गेली.

पहिले दोन दिवस आम्ही काही बोललो नाही. घंटा ओतणाऱ्यांच्या गावात त्यांनी नवी घंटा टांगली आणि पहिला टोला मुंगीला मारू दिला. आवाज संपला असं वाटलं तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी तिच्यावर तळवा ठेवला, तर तो अजून हाताला लागत होता.

दुपारी मी सामानाजवळ बसायचो. पट्टे तपासायचो, पिशव्या मोजायचो, उतरवताना प्रत्येकाच्या हातात त्याची पिशवी द्यायचो. गाडी चालवणारी बाई माझ्याच वयाची, हसरी. तिसऱ्या दिवशी, दगडांचा बांध घालून झाल्यावर, ती मुंगीला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मुंगीला ती भाषा शाळेत शिकल्यामुळे कळते. मुंगीने मान फिरवून डोंगराकडे बघायला सुरुवात केली. मी विचारलं, "काय म्हणतात?"

"काही नाही."

"सांग ना."

ती डोंगराकडेच बघत म्हणाली, "त्या म्हणतात, आजवर सामानाबरोबर त्यांनी दोनच जण नेलेत. एक तुम्ही. त्याआधी एक कुत्रा होता, त्याच्या पायात काटा गेला होता."

देशाच्या अब्रूचं काय झालं ते तूच बघ. मी एवढा हसलो की गाडीवाल्या बाई घाबरल्या. माझी लाडकी, खोटारडी बहीण! आणि मुंगी भिंतीचा रंग बघावा तशी डोंगर बघत होती, तेव्हा मला कळलं की या कटात ती सामील आहे, आणि जिन्यावरचं माझं सोंगही तिला ठाऊक आहे.

पाचव्या दिवशी कागदाची गिरणी आली. हौदात लगदा ढवळलेला, पातळ दुधासारखा. चौकट बुडवायची, आडवी उचलायची, हलवायची, पाणी निथळू द्यायचं. माझा पहिला कागद एका बाजूला जाड आणि एका बाजूला भोक. मुंगीचा एकदम सारखा. वाळलेल्या कागदांच्या कडा सरळ नव्हत्या, लोकरीसारख्या विरलेल्या होत्या. माझा हात सवयीने कडेवरून फिरला, किती कापावं लागेल ते बघत. हौदावरच्या म्हाताऱ्या कारागिराने ते बघितलं आणि काहीतरी बोलला. मुंगीने सांगितलं, "ते म्हणतात, ही कापायची नसते. पाणी जिथे थांबलं ती ही जागा."

तीस वर्षं मी कागद हाताळतोय, ताई. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नदीच्या कठड्यावर बसून मी खिशातून ती पट्ट्यांची वही काढली. एप्रिलमध्ये शिवली होती. बोटाएवढी रुंद, वर निळ्या कापडाचाच तुकडा. तिच्या हातात दिली. तिने अंगठ्याखालून सोडली. पाय चालत गेले. पुन्हा सोडली. सप्टेंबरात सोडली होती तशीच, दोनदा. मग म्हणाली, "डावा मी जास्तच ओढलाय. एवढा नाही ओढत तुम्ही."

"आता ओढतो," मी म्हटलं.

"म्हणजे मी आधीच काढून ठेवलं."

"हो. डॉक्टरांच्या आधी."

ती हसली, आणि मग तिचे डोळे भरले. मी म्हटलं, "मी न विचारता कापलं, मुंगे. चुकलं माझं." तर ती म्हणाली, "न विचारता बांधलीही होतीत ना. ते छान होतं. मला ते सांगायचं होतं, पण आधी पायांचं सांगावं लागलं असतं." आणि मग जी सुरू झाली, ती जेवणाची हाक येईपर्यंत थांबली नाही. आठ महिन्यांचं साठलेलं सगळं. मैत्रिणी, नवी शाळा, तिथे आपण सगळ्यांत कच्चे निघू ही भीती, मी घोरतो ते. एका शब्दासाठी हात जोडले होते. देणाऱ्याने माप बघितलंच नाही.

उरलेले तीन दिवस सकाळी ती पुढे चालायची आणि प्रत्येक वळणावर पाठ करून थांबायची. बुटांची नाडी बांधत. इतक्या वेळा सुटणारी नाडी मी जन्मात पाहिली नाही. एकदा पोचल्यावर मी विचारलं, "दमलीस?" ती म्हणाली, "हो, जरा." खरं की खोटं, मी विचारलं नाही. तुझं पत्र खिशातच होतं.

नाचाचं काय झालं ते मुंगी तुला चित्र काढून पाठवणार आहे. मी काहीही कबूल करत नाही.

गिरणीतून त्या म्हाताऱ्याने आमचे दोघांचे कागद आणि वर आणखी एक जुडी दिली. आल्यावर तीन आठवडे बसून मी त्यांची वही बांधली. माझा भोकवाला कागद पहिलं पान म्हणून घातला, तिनेच सांगितलं. या वेळी सगळं विचारून केलं. कापडाचा रंग विचारला, दोरा विचारला. शेवटच्या दिवशी यंत्रापाशी गेलो, सवयीने वही खाली धरली, आणि तशीच उचलून घेतली. हातावेगळी झाली, कापणीशिवाय, आयुष्यात पहिली.

काल गाडी सुटायच्या आधी तिला दिली. कडा विरलेल्या, पानं एकसारखी नाहीत, उस्तादांनी बघितली असती तर तोंडात मारली असती. ही शेजारी उभी होती, टपालपेटीचं कुलूप आता कायमचं लागलंय म्हणून निवांत. मुंगीने बराच वेळ खालच्या कडेवरून बोट फिरवलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "चालेल ना?"

तिने माझ्या पायांकडे बघितलं. नव्या चपला आहेत, हिने जबरदस्तीने घ्यायला लावल्या. मग वर बघून म्हणाली,

"चालेल काय बाबा, पळेल!"

आणि डब्यात चढली.

आज सकाळी कामावर गेलो, सुरीपुढे हात जोडले, आणि मागायला काही आठवेना. आभार मानले आणि कामाला लागलो.

तुझा,
गोगलगाय